काटेसाहेबांनी मोडेम जोडला

“त्यात काय अवघड आहे? दोन वायरी, एक डबा आणि थोडं डोकं! वायरी डब्याबरोबर आल्यात, डोकं माझ्याकडे आहेच. चहा होईपर्यंत इंटरनेट घरात!”

रविवारी सकाळी काटेसाहेबांनी असं जाहीर केलं, आणि त्यांच्या बायकोने चहाचं आधण मुकाट्याने गॅसवरून खाली उतरवलं. इतक्या वर्षांच्या संसारात बाईंना एवढं कळून चुकलं होतं, की साहेब ‘त्यात काय अवघड आहे’ म्हणाले की त्या दिवशी चहाची घाई करायची नसते.

काटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे बरं का! साहेब वजनमाप खात्यात निरीक्षक होते. सगळी नोकरी दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली. कोण पारड्याखाली लोहचुंबक चिकटवतो, कोण वजनाच्या पोटातलं शिसं काढून घेतो, कोण गिऱ्हाइकाशी गोड बोलता बोलता काटा मारतो, सगळं त्यांना लांबून वासावर कळायचं. मग एक दिवस निवृत्ती आली. नोकरी सुटली, खोड सुटली नाही. अजूनही रोज सकाळी बाजारात एक फेरी मारून ते दुकानदारांना उगाच घाम फोडून यायचे. एकदा डॉक्टर म्हणाले, “साहेब, तुमचं वजन वाढलंय.” साहेब काट्यावरून उतरले, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, “वजन राहू द्या. आधी या काट्यावर यंदाचा शिक्का कुठाय ते सांगा!” त्या डॉक्टरांनी पुन्हा कधी त्यांना वजनाचं विचारलं नाही.

अशा माणसाच्या घरात मुलीचं लग्न ठरायची वेळ आली होती. आता बोला!

एकुलती एक लेक. मोठ्या दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर कामाला. मावशीने तिच्यासाठी एक मुलगा सुचवला आणि आपल्याच घरी दोन्हीकडच्यांची गाठ घालून दिली. मुलगा उंच, हसरा, बोलायला गोड. आई एका शाळेत मुख्याध्यापिका. लेकीला मुलगा पसंत, बायकोला पसंत, मावशीला तर इतका पसंत की स्वतःला मुलगी नाही म्हणून ती हळहळत होती. काटेसाहेबांना नेमकं हेच खटकलं. “सगळ्यांनाच आवडतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय!”

त्यात मुलगा करत होता काय? तर म्हणे, इंटरनेटच्या कंपनीत नोकरी!

“म्हणजे विकतो काय तो?” साहेबांनी लेकीला विचारलं होतं.

“इंटरनेट, बाबा.”

“कसं दिसतं?”

“तसं ते दिसत नाही.”

“वजन किती भरतं?”

“बाबा, त्याला वजन नसतं!”

“डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, वजन नाही, आणि लोक रांगा लावून घेतात! अगं, इतकी सफाईदार लूट मी उभ्या नोकरीत बघितली नाही!”

मुलाची आई मात्र एक घाव दोन तुकडे करणारी बाई. तिने निरोप धाडला होता, ‘रविवारी दुपारच्या आत मी फोन करीन. हो असेल तर हो म्हणा, नाही असेल तर नाही म्हणा. घोळ घालणारी मुलं मला वर्गात चालत नाहीत आणि माणसं घरात चालत नाहीत. आणखी एका ठिकाणाहून विचारणा आलेली आहे, तिकडेही मला उत्तर द्यायचंय.’

तेव्हा काटेसाहेबांनी बेत केला. मुलगा म्हणाला होता की त्याच्या कंपनीचं स्वतःचं पान इंटरनेटवर आहे आणि त्यावर तिथल्या माणसांचे फोटोसुद्धा आहेत. ठीक! खात्याने मोडीत काढलेला एक जुना कॉम्प्युटर साहेबांनी घरी आणून आतल्या खोलीत ठेवला होताच. त्याच्यावर आजवर फक्त धूळ बसली होती. आता त्याला मोडेम लावायचा, टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट घरात ओढायचं, कंपनी खरी आहे का बघायचं, मुलगा तिथे आहे का बघायचं, आणि मग बाईंचा फोन आला की उत्तर द्यायचं. चौकशीशिवाय हो नाही!

“पण बाबा, त्या फोन करणार आहेत ना,” लेक काकुळतीने म्हणाली. “आणि तुम्ही फोनचीच तार काढताय!”

“अर्ध्या तासात परत लावतो. आणि तू या खोलीत यायचं नाहीस. तुझा यात हितसंबंध आहे!”

लेक बिचारी बाहेरच्या खोलीत जाऊन बसली आणि नखं कुरतडायला लागली.

साहेबांनी खोक्यातून मोडेम काढला. आधी काय केलं असेल? वजन केलं! घरातल्या तागडीत टाकून खोक्यावर छापलेल्या आकड्याशी ताडून बघितलं. किंचित कमी भरला. “बघ! इथूनच सुरुवात!”

“अहो, खोक्यासकट लिहिलं असेल,” बायको म्हणाली.

“तू कोणाच्या बाजूची आहेस?”

मोडेमच्या मागे दोन सारखीच भोकं होती. एकावर ‘लाइन’ असं लिहिलं होतं, दुसऱ्यावर ‘फोन’. भिंतीतून येणारी तार साहेबांच्या हातात होती. ती ‘लाइन’मध्ये घालायची, हे कोणाही भोळ्या माणसाला सुचलं असतं. पण साहेब भोळे होते थोडेच! त्यांनी डोळे बारीक केले. “लाइन लिहिलंय तिथेच लाइन लावायची? इतकं सरळ कोण सांगतं जगात? यात काहीतरी गोम आहे.” आणि त्यांनी ती तार ठरवून ‘फोन’च्या भोकात खुपसली. फोनची तार खुपसली ‘लाइन’मध्ये!

मग कॉम्प्युटर सुरू केला. तो कण्हत कण्हत जागा झाला. मोडेमबरोबर आलेली तबकडी पोटात घातल्यावर त्याने एकामागून एक प्रश्न विचारायला सुरुवात केली. हे बसवू का? ते चालू ठेवू का? आम्हाला तुमचं नाव कळवाल का? साहेबांचं धोरण पक्कं होतं. अनोळखी माणसाने काहीही विचारलं की नाही म्हणायचं! ते नाही, नाही, नाही करत दाबत सुटले. मध्येच एक प्रश्न आला, ‘येणारे फोन तुम्ही स्वतः घेणार का?’ साहेब गुरगुरले, “तुला काय करायच्यात चौकशा?” आणि तिथेही ‘नाही’ दाबलं.

शेवटी कॉम्प्युटरने एक गुप्त शब्द मागितला. कोणाला सांगायचा नाही, कोणाला ओळखता येणार नाही असा. साहेब पहिल्यांदाच त्या यंत्रावर खूश झाले. खोलीचं दार लावून घेतलं, पाठ खिडकीकडे केली आणि बराच विचार करून एक शब्द टाइप केला.

मग बटण दाबलं. मोडेमवरचे दिवे लुकलुकले. पडद्यावर अक्षरं आली, ‘टेलिफोनचा सूर सापडत नाही.’

पुन्हा दाबलं. सापडत नाही. साहेबांनी मोडेम उलटा केला, सुलटा केला, कानाला लावला. सापडत नाही म्हणजे नाही!

खोक्यावर मदतकेंद्राचा नंबर होता. पण फोन लावणार कसा? घरात फोन एकच, आणि त्याची तार साहेबांनी या अवस्थेला आणलेली. तेव्हा ते तरातरा जिना उतरले आणि गल्ली ओलांडून समोरच्या टेलरमास्तरांच्या दुकानात शिरले. दुकान बरोबर आतल्या खोलीच्या खिडकीसमोर होतं. मास्तरांच्या कापायच्या टेबलावर फोन होता, आणि त्याची तार दारापर्यंत येत होती.

“मास्तर, जरा एक फोन करतो.”

“करा की साहेब. आपलंच दुकान समजा,” मास्तर तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणाले.

साहेबांना हे ‘आपलंच समजा’ अजिबात आवडलं नाही. या मास्तरांवर त्यांचा जुना संशय. पँट शिवायला टाकली की कापड उरायला हवं, ते उरत नाही. मग जातं कुठे? पण गरज होती. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तसं त्यांनी रिसीव्हर उचलला, बायकोला वर खिडकीत उभं केलं, आणि मदतकेंद्रातल्या मुलीशी बोलायला सुरुवात केली.

“सर, भिंतीतली तार तुम्ही कुठे लावली आहे?”

“ते तुम्हाला कशाला सांगू?”

“सर, मग मी मदत कशी करू?”

हे पटण्यासारखं होतं. साहेबांनी आवाज उतरवून सांगितलं.

“सर, ती तार ‘लाइन’ लिहिलंय तिथे लावा.”

“अगदी तिथेच?”

“अगदी तिथेच, सर.”

“पण तिथे तसं लिहिलंय!”

“म्हणूनच, सर.”

साहेबांनी गल्लीतून वर हाक दिली, “अगं ए! तारा बदल! लिहिलंय तशाच लाव!”

“मी मघाशी तेच म्हणत होते!” वरून उत्तर आलं. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

थोड्या वेळाने बायको पुन्हा खिडकीत आली. “अहो, आता सूर सापडला! पण ते म्हणतंय गुप्त शब्द परत टाका!”

साहेब गोरेमोरे झाले. त्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर शांतपणे एका कोटाची बाही कापत होते. हातात केवढी थोरली कात्री!

“ताई,” साहेब फोनमध्ये कुजबुजले, “तो शब्द टाकल्याशिवाय नाही चालणार?”

“नाही चालणार, सर. पण तो कोणाला सांगू नका हं. मलासुद्धा नाही!”

“अहो, लवकर सांगा! ते थांबलंय!” बायको खिडकीतून ओरडली.

“मी वर येऊन टाकतो!”

“तोवर वेळ संपेल असं लिहिलंय! सांगा!”

दुपार जवळ येत चालली होती. मुख्याध्यापिकाबाईंचा फोन कुठल्याही क्षणी येणार होता. साहेबांनी तोंडापाशी मोकळ्या हाताचा आडोसा धरला आणि शक्य तितक्या हळू आवाजात ओरडले, “टे! ल! र!”

“हां! टेलर! पुढे?”

साहेबांनी घाम पुसला. “चो… र.”

“काय?”

“चोर!”

बायकोला नीट खात्री करून घ्यायची सवय. इतकी वर्षं कोणाच्या संगतीत काढली होती! ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “टेलर चोर! बरोबर ना? टेलर चोर, सगळं जोडून!”

कात्री थांबली. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीला टोचल्या.

“मास्तर, तसं नाही हो ते… तो नुसता एक शब्द आहे… कोणाला सुचू नये म्हणून…”

“तुम्हाला बरा सुचला,” मास्तर म्हणाले. त्यांनी साहेबांच्या हातातला रिसीव्हर काढून घेतला, जागेवर ठेवला आणि दाराकडे बोट केलं. “या आता. आणि ते आपलंच दुकान समजा म्हणालो होतो ना, ते नका समजू.”

साहेब खाली मान घालून जिना चढले.

वर आल्याबरोबर त्यांनी खुर्चीवर बैठक मारली आणि बटण दाबलं. मोडेमने नंबर फिरवला. पलीकडून टूं टूं टूं. तिकडची लाइन कोणी दुसराच खात बसला होता. “बघ! माझ्या वेळेलाच बरी बिझी असते!” पुन्हा दाबलं. पुन्हा टूं टूं टूं. लेक दाराच्या बाहेरूनच विनवत होती, “बाबा, पुरे ना! त्यांचा फोन येईल हो! तार काढा!”

“एकदाच! शेवटचं!”

आणि नेमका त्याच वेळी फोन वाजला!

वाजला म्हणजे एकच घंटी वाजली. दुसरी वाजलीच नाही. कारण येणारे फोन स्वतः घेणार नाही, असं साहेबांनी मोडेमला आपल्या हातांनी सांगून ठेवलं होतं. तेव्हा मोडेमनेच तो घेतला! दिवे पेटले, आणि डब्यातून आधी एक लांबलचक शिट्टी, मग किंकाळी, मग घरघर, मग मांजरांचं भांडण लागावं तसला कोलाहल! लेकीने हितसंबंध बाजूला ठेवून आत धाव घेतली आणि रिसीव्हर उचलला.

त्या गदारोळातून मुख्याध्यापिकाबाईंचा खणखणीत आवाज आला, “हॅलो? हॅलो! कोण किंचाळतंय तिथे?”

“मी… म्हणजे मी नाही… मी बोलतेय…” लेक चाचरली.

“तुमच्या वडिलांना विचारा, लग्नाचं काय ठरलं?”

“बाबा, त्या लग्नाचं विचारतायत!”

साहेब तेव्हा टेबलाखाली होते. मोडेमची तार कुठली आणि तो गप्प कसा होतो, ते शोधत होते. त्यांनी टेबलाखालूनच सगळा जीव एकवटून आरोळी ठोकली, “लग्नाचं राहू दे! आधी मोडेम! मोडेम!”

आता तुम्हीच सांगा. घरघरीतून, शिट्टीतून, टेलिफोनच्या तारेतून पलीकडच्या बाईंना काय ऐकू गेलं असेल? ज्या बाईंनी जन्मात मोडेम हा शब्द ऐकला नव्हता, पण मोडणं हे क्रियापद मुलांकडून सगळ्या काळांत चालवून घेतलं होतं? त्यांना स्पष्ट ऐकू आलं, ‘लग्न! मोडेन! मोडेन!’

“मोडेन?” बाईंचा आवाज थंड झाला. “प्रथम पुरुषी, एकवचनी, भविष्यकाळ. समजलं मला.” आणि फोन बंद झाला.

लेकीच्या हातात रिसीव्हर तसाच राहिला. मोडेम दमून गप्प झाला. साहेब टेबलाखालून बाहेर आले, आणि बघतात तो काय, बायको पदराने डोळे पुसत होती.

“काय म्हणाल्या त्या?”

“तुम्ही लग्न मोडणार म्हणालात, असं म्हणाल्या!”

“मी? मी कुठे मोडेन म्हणालो? मी मोडेम म्हणालो!”

“त्यांना काय माहीत मोडेम काय असतो! मला तरी कालपर्यंत कुठे माहीत होता!”

“त्यांनी मुद्दाम तसं ऐकलं असेल,” साहेब पुटपुटले. “दुसरीकडून विचारणा आलीय ना, म्हणून निमित्त…”

पण एवढ्यात मोडेम पुन्हा बोलायला लागला. मघाशी दाबलेलं बटण कॉम्प्युटरने मनावर घेतलं होतं. नंबर फिरला, शिट्टी झाली, घरघर झाली, आणि पडद्यावर आलं, ‘जोडणी झाली.’ काय म्हणावं या यंत्राला! साहेबांना राहवेना. त्यांनी घाईघाईने कंपनीचं नाव टाइप केलं. पान उघडायला लागलं. कंपनी होती! माणसांचा फोटोही होता! तो वरून खाली एकेक रेघ करत उतरत होता. आधी भिंत आली. मग केस आले. मग कपाळं.

“हा! हा तिसरा तोच असणार!” साहेब नाक पडद्याला टेकवून म्हणाले. “कपाळ तर बरं दिसतंय. भुवया आल्या… आता डोळे येऊ देत. डोळ्यांवरून मी माणूस…”

लेकीने वाकून भिंतीतली तार उपटली.

पडदा भुवयांवरच थांबला.

“बाबा,” ती तार मुठीत धरून म्हणाली, “मला आवडतो हो तो. तुम्हाला एवढं कळत नाही? त्याचं वजन करून काय करणार आहात तुम्ही?”

साहेबांनी नाक पडद्यापासून मागे घेतलं. खुर्चीत मागे टेकून ते त्या भुवयांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “अगं, मी काय हौसेने करतो का? किलोभर साखर घरी आणताना मी पारड्याखाली हात फिरवून बघतो. आणि तुला कोणाच्या घरी पाठवायचं, तिथे मला काही तपासताच येत नाही. तिथला काटा बरोबर आहे की नाही, ते सांगायला कोणी निरीक्षक नाही. भीती वाटते मला.” एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसला.

लेक त्यांच्या खांद्यावर हात ठेवून रडायला लागली. बायको आधीपासून रडत होतीच.

“पुरे, पुरे! मी सांगतो त्यांना हो म्हणून! अगदी स्पष्ट सांगतो! द्या तो फोन इकडे.” साहेबांनी मोडेम बाजूला सारला, तार सरळ फोनमध्ये घातली आणि बाईंच्या घरी नंबर लावला. घंटी वाजत राहिली. कोणीच उचलेना. पुन्हा लावला. कोणी नाही.

“निघाले असतील,” बायको बसक्या आवाजात म्हणाली. “त्या दुसऱ्या ठिकाणी उत्तर द्यायला.”

लेकीचं तोंड पांढरंफटक पडलं. साहेबांनी तिसऱ्यांदा नंबर लावला. दुकानदारांना घाम फोडणाऱ्या साहेबांच्या स्वतःच्याच कपाळावर आता घाम डवरला होता. गेलं! आपल्याच हातांनी पोरीचं नुकसान केलं!

तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

दारात मुलगा उभा होता. धापा टाकत होता आणि हसत होता.

“काका, मोडेम ना?”

साहेबांच्या जिवात जीव आला, पण जीव आला की पाठोपाठ संशयही यायचाच. “तुला कसं कळलं?”

“आई म्हणाली, आधी शिट्टी झाली, मग कोणीतरी किंचाळलं, मग घरघर झाली आणि मग तुम्ही मोडेन म्हणालात. मी म्हटलं, आई, लग्न मोडणारा माणूस आधी घरघर करत नाही गं! त्यांनी मोडेम लावलाय. पण तिला पटेना. म्हणून तिला घेऊनच आलो.”

“कुठायत त्या?”

“खाली. समोर टेलरचं दुकान आहे ना, तिथे गेलीय. म्हणाली, माणसं कशी आहेत ते शेजारपाजारी विचारल्याशिवाय मी वर येणार नाही.”

“टेलरकडे?” साहेब मटकन खाली बसले. गल्लीत एवढी दुकानं, न्हावी होता, वाणी होता, आणि बाई चौकशीला शिरल्या कुठे तर टेलरमास्तरांच्या दुकानात! मास्तर आता काय काय सांगणार होते देव जाणे!

“तुम्ही काळजी करू नका काका. तोवर मी तुमचं कनेक्शन बघतो,” मुलगा म्हणाला आणि आत गेला.

आता या घराची एक गंमत सांगायला हवी. आतल्या खोलीच्या दाराची चौकट भलतीच बुटकी आहे. नव्या माणसाला ती दिसतच नाही. कॉम्प्युटर आणणाऱ्या हमालाला लागली, टेलिफोनवाल्याला लागली, मावशीला लागली. या घरात पहिल्यांदा आलेला माणूस आतल्या खोलीत कपाळ बडवून घेतल्याशिवाय जातच नाही. आणि हा मुलगा, एवढा ताडमाड उंच, चौकटीपाशी आला, बोलता बोलता सहज मान वाकवली आणि सुखरूप आत गेला. आत गेल्यावर पंख्याचं बटणही त्याने बरोबर दाराआड हात घालून दाबलं.

साहेबांनी हळूच बायकोकडे बघितलं. बायको छताकडे बघत होती. त्यांनी लेकीकडे बघितलं. लेक आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होती.

साहेब तोंड उघडणार, इतक्यात जिन्यावर खाड खाड चपला वाजल्या आणि मुख्याध्यापिकाबाई दारात उभ्या राहिल्या. साहेब ताडकन उठले, शाळेत उठतात तसे.

“मी चौकशी केली तुमची,” बाई म्हणाल्या.

“मास्तर… काय म्हणाले?”

“आधी त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. मग म्हणाले, बाई, माणूस महासंशयी आहे. पण तुमच्या मुलाला घर चांगलं मिळेल. या माणसाच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही. घरात सुई पडली तरी त्याला कळतं.” बाईंचा चेहरा जरा निवळला. “मला अशीच माणसं आवडतात. मीही माझ्या मुलावर अगदी बारीक लक्ष ठेवून असते. तो कुठे जातो, कोणाला भेटतो, सगळं मला ठाऊक असतं. कुठे गेला तो?”

“आत आहे. पण जरा जपून…” साहेब म्हणेपर्यंत बाई तरातरा निघाल्यासुद्धा.

धाडकन आवाज झाला!

बाई कपाळ धरून चौकटीत थांबल्या. त्यांनी वर चौकटीकडे बघितलं. आत खुर्चीवर आरामात बसलेल्या आपल्या उंच मुलाकडे बघितलं. त्याच्या कपाळाकडे बघितलं. ते अगदी स्वच्छ होतं. शिट्टी मारत तो मोडेमची तार लावत होता. मग त्यांनी लेकीकडे बघितलं, आणि लेक झटकन स्वयंपाकघरात पळाली. ‘चहा टाकते हं’ म्हणत बायकोही तिच्यामागे पळाली.

बाहेरच्या खोलीत दोघंच उरले. दोघंही आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडत आलेले. बाईंनी कपाळ चोळत चोळत, अगदी हळू आवाजात विचारलं, “साहेब, हे कधीपासून चाललंय?”

काटेसाहेब म्हणाले, “मला काय विचारता, विहीणबाई? मी इथे नुसता राहतो!”